पशुवैद्यक होण्याची वाट : अकरावीतील विज्ञान विषयांची निवड

गेल्या जून महिन्यात अकरावीचे प्रवेश चालू असताना एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. एस. टी. महामंडळात वाहक आहेत. मुलीला दहावीला विज्ञानात चांगले गुण होते आणि तिने घरी सांगून टाकले होते की, मला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. वडिलांना ते मान्य नव्हते. माणसांची डॉक्टर हो, इंजिनिअर हो, कलेक्टर हो. हे भलतेच काय काढलेस, असा त्यांचा सूर होता. बोलता बोलता ते म्हणाले, "सर, माझ्या आज्यानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं. गावानं बलुतं बंद केलं, पाणी बंद केलं, तरी सोडलं. अन् आता त्याच्या पणतीनं पुन्हा ढोरातच हात घालायचा का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या अनेक घरांत तो आहे. कोणी उघड बोलतो, कोणी मनात ठेवतो. त्याला उत्तर दिल्याशिवाय 'कोणते विषय घ्यावेत' हे सांगण्यात अर्थ नाही. म्हणून प्रस्तुत लेखात दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे. पशुवैद्यकीय शिक्षण आपल्या मुलामुलींनी का घ्यावे, आणि घ्यावयाचे असेल तर अकरावीत कोणते विज्ञान विषय, कशासाठी आणि कशा रीतीने निवडावेत. दुसऱ्या प्रश्नावर अधिक लिहिणार आहे. कारण पहिल्याबाबत आपल्यात निदान चर्चा होते. दुसऱ्याबाबत अज्ञान आहे, आणि त्या अज्ञानाची किंमत मुले मोजत आहेत.

आपण काय सोडले?

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले ते या परिषदेच्या वेळी. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, मेलेली गुरे ओढणे सोडा, असे सांगितले. गावोगावच्या माणसांनी ते ऐकले आणि त्यासाठी मार खाल्ला, उपास काढले, बहिष्कार सोसले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. तेव्हा त्या वाहकाचे आजोबा जे बोलले आणि वागले, ते एका मोठ्या लढ्याचा भाग होते.

पण त्यांनी नेमके काय सोडले? त्यांनी जनावर सोडले नाही. म्हैस दारात बांधलेली राहिली, शेळी राहिली, कोंबडी राहिली. त्यांनी सोडली ती सक्ती. जन्मामुळे अंगावर आलेले काम, त्याचा मोबदला म्हणून मिळणारे कुजके मांस, आणि त्या कामाला चिकटवलेला विटाळ, हे त्यांनी सोडले. हे सोडणे न्याय्यच होते.

मात्र या व्यवस्थेत आणखी एक अन्याय दडलेला होता, त्याकडे आपले लक्ष कमी गेले. मेलेल्या जनावराला हात लावण्याचे काम आपल्याकडे होते, आणि ते जनावर का मेले हे जाणण्याचे साधन मात्र आपल्याला कधी मिळाले नाही. एक उदाहरण घेऊ. काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाने मेलेले जनावर फाडू नये, असे पशुवैद्यक शास्त्र सांगते. का फाडू नये? तर या रोगाचे जंतू मृत जनावराच्या रक्तात भरलेले असतात. शव उघडले आणि त्यांना हवा लागली की ते स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणू बनतात, आणि हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे, दशकानुदशके टिकतात. या जंतूचे जीवनचक्र रॉबर्ट कॉक याने १८७६ साली उलगडून दाखवले. १८८१ साली लुई पाश्चरने मेंढ्यांवर लसीचा जाहीर प्रयोग केला. कातडे सोलणाऱ्याच्या हाताला जखम असेल तर हेच जंतू तिच्यातून शिरतात आणि तेथे मध्यभागी काळी पडलेली पुळी उठते. म्हणजे युरोपात ज्या गोष्टीचे शास्त्र तयार झाले होते, ती गोष्ट आपली माणसे उघड्या हातांनी आणि रिकाम्या पोटाने करीत होती. हात आपले होते, आणि ज्ञान दुसरीकडे.

आणि दोष मात्र आपल्या पदरी. साथ येऊन गावची गुरे मेली की कातड्याच्या लोभाने विष घातले, असा आळ मृत जनावरांशी संबंध असलेल्या जातींवर घेतला जाई. तो आळ खोटा ठरवायलाही विषाची परीक्षा करू शकणारा माणूस लागतो. हा इतिहास संपला असेही नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून फटके मारले गेले, ते साऱ्या देशाने पाहिले.

म्हणून त्या वाहकाला मी जे सांगितले ते असे. जनावर मेले म्हणजे आज गावात पशुवैद्यकाला बोलावतात. तो किंवा ती हातमोजे घालून शवविच्छेदन करते, मरणाचे कारण लिहिते आणि खाली सही करते. त्या सहीशिवाय विम्याचा दावा मंजूर होत नाही. ज्याला ओढून नेणारा अस्पृश्य ठरला, त्याच जनावराला तपासणाऱ्याला गाव 'डॉक्टरसाहेब' म्हणते. तुमच्या आजोबांनी फेकून दिला तो दोर होता. तुमची मुलगी मागते आहे ते शास्त्र आहे.

सहीचा अधिकार कोणाला?

हा सहीचा अधिकार कायद्याने ठरतो, हे विद्यार्थ्यांनी प्रथम समजून घेतले पाहिजे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. ही नोंदणी 'बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच.', म्हणजे पशुवैद्यक व पशुसंवर्धन या विषयाच्या पदवीवर होते. दहावीनंतरची पशुसंवर्धनाची पदविकाही आहे आणि ती उपयोगी आहे. परंतु पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काही किरकोळ सेवाच करता येतात. आपली अनेक मुले 'लवकर नोकरी लागेल' म्हणून पदविकेला जातात आणि पुढे पदवीचा दरवाजा सहज उघडेल असे समजतात. परिस्थितीमुळे पदविका घ्यावी लागली तर त्यात कमीपणा नाही, पण या दोहोंतला फरक आधी माहीत असावा.

पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासून आहे. त्यानंतर नागपूर (१९५८), परभणी (१९७२), उदगीर (१९८७) आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ (१९८८) येथील महाविद्यालये झाली. पदवीनंतर सरकारी दवाखान्याखेरीज दूध संघ, कुक्कुटपालन, विमा, औषधनिर्मिती, मांस-दुधाची तपासणी, संशोधन आणि अध्यापन अशी क्षेत्रे आहेत.

दरवाजा कोठे बंद होतो?

या पदवीच्या प्रवेशासाठी बारावीला इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे चारही विषय असावे लागतात. चारही विषयांच्या एकत्रित गुणांची किमान टक्केवारी ठरलेली असते. राखीव प्रवर्गांसाठी ती कमी असते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शिवाय 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते, आणि प्रवेशाचा क्रम तिच्या गुणांवर लागतो.

याचा अर्थ असा की, पशुवैद्यक होण्याचा निर्णय मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर घेत नाही. तो अकरावीच्या प्रवेशावेळी, विषयांचे रकाने भरताना, पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतला जातो. बहुधा तो न कळत घेतला जातो. ज्या घरात आधी कोणी विज्ञान शिकलेले आहे, तेथे काका-मामा सांगतात. आपल्या घरात कोण सांगणार? फॉर्म भरून देणारा नेटकॅफेवाला जे म्हणेल ते खरे.

माझ्या अनुभवात आपली मुले तीन ठिकाणी चुकतात.

पहिली चूक कला शाखेची. कला शाखेत कमीपणा आहे असे मी म्हणत नाही. आमच्या साहित्याला आणि चळवळीला तिने माणसे दिली. पण 'तुला विज्ञान झेपायचे नाही' असे शाळेतच ऐकवले गेल्यामुळे जो विद्यार्थी कलेला जातो, त्याने निवड केलेली नसते. त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली असते.

दुसरी चूक जीवशास्त्र सोडण्याची. विज्ञान शाखेत गेल्यावर गणित की जीवशास्त्र हा प्रश्न येतो. 'इंजिनिअरिंगला स्कोप आहे' म्हणून जीवशास्त्र सोडले जाते. काही जण द्विलक्षी विषय, ज्याला मुले बायफोकल म्हणतात, तो घेतात आणि त्यासाठी जीवशास्त्राचा बळी देतात. द्विलक्षी विषय दोनशे गुणांचा असतो, त्यात गुण चांगले पडतात, हे खरे. पण पशुवैद्यकाच्या दाराशी त्या गुणांना किंमत नाही. माझ्या वर्गातला धनगर समाजातला एक मुलगा होता. घरी शंभरावर मेंढ्या, आणि मेंढीचे दुखणे तो नुसत्या चालीवरून ओळखायचा. त्याने मित्रांच्या नादाने इलेक्ट्रॉनिक्स घेतले आणि जीवशास्त्र सोडले. बारावीला पंच्याऐंशी टक्के मिळवून तो पशुवैद्यक महाविद्यालयाची चौकशी करू लागला, तेव्हा दरवाजा दोन वर्षांपूर्वीच बंद झालेला होता.

तिसरी चूक व्यवसाय शिक्षणाबद्दलची. बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमात पशुपालन किंवा दुग्धव्यवसाय शिकवला जातो, तेव्हा हाच पशुवैद्यकाचा रस्ता असणार, असे पालकांना वाटते. नावावर जाऊ नये. भौतिक, रसायन आणि जीव हे तीन विषय गुणपत्रिकेवर आहेत काय, एवढेच पाहावे.

हे विषय कशासाठी?

विषय केवळ नियमात आहेत म्हणून घ्यायचे, असे समजून जो शिकतो त्याला ते ओझे वाटते. गोठ्यात त्यांचे काय काम आहे हे कळले की तोच अभ्यास वेगळा होतो. शिक्षकांनी वर्गात हे सांगितले पाहिजे.

रसायनशास्त्राचे पाहा. गावात लग्न होते. उरलेला भात, बुंदी म्हशीपुढे टाकतात. दुसऱ्या दिवशी म्हैस खाली बसते आणि उठत नाही. काय झाले? गाय-म्हशीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवीत असतात. त्यांना एकदम पिठूळ-गोड अन्न मिळाले की लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढते, पोटाची आम्लता बिघडते, ते आम्ल रक्तात उतरते आणि जनावर दगावू शकते. अकरावीच्या पुस्तकात 'पीएच' नावाचे जे कंटाळवाणे प्रकरण असते, ते हेच. तसेच कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडकाफडकी मरते. आपण म्हणतो, ज्वारी 'लागली'. कोवळ्या धाटात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते रक्तातल्या प्राणवायूचा उपयोग पेशींना करू देत नाही. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट हे उतारे आहेत, पण ते मिनिटांच्या हिशेबाने द्यावे लागतात. नुकत्याच व्यालेल्या दुभत्या गाईला दुग्धज्वर होतो. नावात ज्वर आहे, पण अंग थंड पडते, कारण दुधावाटे निघून गेल्याने रक्तातले कॅल्शियम एकाएकी घसरते. शिरेतून कॅल्शियम दिले की पडलेली गाय पुष्कळदा थोड्याच वेळात उठून उभी राहते. पण तेच भरभर दिले तर हृदय थांबते. द्रावणाची टक्केवारी काढता न येणाऱ्याच्या हाती ही सुई देता येईल काय?

भौतिकशास्त्राला आपली मुले सर्वांत जास्त भितात, आणि 'जनावरांच्या डॉक्टरला याचा काय उपयोग' असे म्हणतात. पोटफुगीत जनावराची डावी कूस टम्म फुगते आणि जीव जातो तो बहुतेकदा दाबाने. वायूचा दाब छातीच्या पडद्यावर पडतो, फुप्फुसाला जागा उरत नाही. अडलेल्या गाईचे वासरू ओढताना जोर किती यापेक्षा तो कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्षणी लावायचा, हे महत्त्वाचे असते. चुकीच्या दिशेने चार माणसांनी ओढले तर गाय आणि वासरू दोन्ही जातात. क्ष-किरण, सोनोग्राफी, सूक्ष्मदर्शक ही तिन्ही साधने भौतिकशास्त्राची आहेत. बलाची दिशा, दाब, ध्वनी आणि प्रकाश, एवढी प्रकरणे जरी समजून केली तरी या विषयाचे भय कमी होते.

जीवशास्त्र तर या शिक्षणाचा पायाच आहे. त्यातही मुले प्राणीविभागाला जवळ करतात आणि वनस्पतीविभाग टाळतात. हे बरोबर नाही. आपले जनावर वनस्पती खाऊनच जगते आणि कधीकधी वनस्पती खाऊनच मरते. रानोमाळ पसरलेली घाणेरी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते आणि उन्हात त्याची कातडी सोलून निघते. आनुवंशिकता न समजता पैदास समजत नाही. संप्रेरके न समजता कृत्रिम रेतनाची वेळ कळत नाही. घटसर्प आणि फऱ्या जिवाणूंनी होतात, लाळ-खुरकूत विषाणूमुळे होते. पहिल्या दोहोंत वेळेवर दिलेले प्रतिजैविक काम करते, तिसऱ्यात ते विषाणूला काहीच करीत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी पसरला, तेव्हा हा फरक न समजल्याने लोकांनी कितीतरी पैसा भलत्या औषधांवर घालवला. जिवाणू आणि विषाणू यांतील भेद हा परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न असतो. गोठ्यात तो एका कुटुंबाच्या उत्पन्नाचा प्रश्न होतो.

पदवीच्या पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि पशुधन व्यवस्थापन शिकावे लागते. ज्याने बारावीचे जीवशास्त्र केवळ पाठ केले आणि प्रयोगवही दुसऱ्याची उतरवली, तो तेथे अडखळतो. म्हणून प्रात्यक्षिके चुकवू नयेत. महाविद्यालय प्रात्यक्षिके घेत नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून ती मागावीत. प्रयोगशाळा हा आपला हक्क आहे; ती कोणाची मेहरबानी नाही.

गणित ठेवावे की सोडावे?

पशुवैद्यक प्रवेशासाठी गणित लागत नाही, आणि 'नीट'मध्येही त्याचा स्वतंत्र भाग नाही. त्यामुळे जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घ्यावे काय, हा प्रत्येकाने आपल्या बळावर ठरवावयाचा प्रश्न आहे. दहावीच्या गणितात ज्याला गती आहे, ज्याच्याकडे अभ्यासाला वेळ आणि जागा आहे, त्याने दोन्ही ठेवावेत. एक वाट अडली तर दुसरी मोकळी राहते. पण सकाळी कामावर जाऊन दुपारी वर्गात बसणाऱ्या मुलाने सगळेच दरवाजे उघडे ठेवण्याच्या हव्यासात एकही धड ओलांडू नये, असे होऊ नये. त्याने गणित सोडले तरी चालेल. अंकगणित सोडू नये. शेकडेवारी, प्रमाण, एकके आणि घातांक रोजच्या सरावात असावेत. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावरून काढावी लागते, आणि पैदासशास्त्रात पुढे संख्याशास्त्र येतेच.

इंग्रजीची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. पात्रतेच्या गुणांत इंग्रजी धरले जाते, आणि पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु जो विद्यार्थी अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतून वाचतो, त्याने केवळ भीतीने मराठी प्रश्नपत्रिका निवडली तर अपरिचित पारिभाषिक शब्दांत तो अडकतो. ज्या भाषेत अभ्यास केला, त्याच भाषेत परीक्षा द्यावी. विज्ञान मराठीत समजून घ्यावे आणि संज्ञा इंग्रजीत लिहिण्याची सवय ठेवावी.

परीक्षा आणि कागदपत्रे

'नीट' सातशे वीस गुणांची असते. त्यातले तीनशे साठ जीवशास्त्राचे, आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी एकशे ऐंशी. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. अर्धे गुण जीवशास्त्राचे आहेत, आणि हा विषय महागड्या शिकवणीवाचून वाचून तयार होण्यासारखा आहे. त्यासाठी एन. सी. ई. आर. टी. ची पुस्तके ओळीनओळ वाचावीत. ती स्वस्त आहेत आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडूनही मिळतात. भौतिक-रसायनाला मात्र कोणाची तरी मदत लागते, आणि तेथेच आपल्या शिक्षक-प्राध्यापकांनी पुढे यावे.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण यांवाचून चांगले गुण वाया गेलेले मी पाहिले आहेत. एक म्हणजे 'नीट' दिली की सगळीकडे आपोआप नाव जात नाही. राज्यातील पशुवैद्यक प्रवेशासाठी वर सांगितलेल्या विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अखिल भारतीय कोट्याच्या पंधरा टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे आणखी वेगळा. मुले वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या पाहत बसतात आणि इकडची मुदत निघून जाते. दुसरी गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे लागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला महिने जातात. हे काम अकरावीतच सुरू करावे आणि बारावीत महाविद्यालयामार्फत प्रस्ताव द्यावा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना यांचे अर्जही वेळेवर करावेत. नियमांतले बारकावे दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

दुसरीकडे काय आहे?

काही विद्यार्थी विचारतात, बी. एस्सी. करून नंतर पशुवैद्यकाला जाता येईल काय? आपल्याकडे बी. एस्सी.चे गुण या प्रवेशात मोजले जात नाहीत. तेथेही बारावीचे तेच विषय आणि 'नीट' हाच मार्ग.

अमेरिकेत मात्र व्यवस्था निराळी आहे. तेथे विद्यार्थी आधी महाविद्यालयात काही वर्षे शिकतो आणि मग पशुवैद्यक शाळेकडे अर्ज करतो. कोणत्याही मुख्य विषयात पदवी घेता येते, पण जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, जीवरसायन, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक पाठ्यक्रम पूर्ण करावे लागतात. बहुतेक शाळा प्राण्यांसोबत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही पाहतात. म्हणजे तेथील मुलाला विषय निवडायला विशी उजाडेपर्यंत अवकाश मिळतो; आपल्या मुलाला तो मिळत नाही.

पण तेथेही दरवाजे सर्वांना उघडे नव्हते. अलाबामा राज्यात गोऱ्यांसाठी पशुवैद्यक शाळा होती. काळ्यांना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा त्याच राज्यातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेने १९४५ साली स्वतःची पशुवैद्यक शाळा काढली. संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन हे स्वतः पशुवैद्यक होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय पशुवैद्यकांपैकी बहुसंख्य पुढे याच एका शाळेतून तयार झाले. ज्यांच्या पूर्वजांनी मळ्यांवर मालकाची जनावरे राखली, त्यांच्या मुलांनी त्या जनावरांचे शास्त्र हाती घेतले. या उदाहरणातून आपण घ्यायचे ते एवढेच की, एखादा समाज शास्त्राच्या क्षेत्रात आपोआप शिरत नाही. त्याला तयारी करून घेणारी माणसे आणि संस्था उभ्या कराव्या लागतात.

आपण काय करावे?

आपल्याकडे नवी पशुवैद्यक शाळा काढण्याची बात मी करीत नाही. काम त्याहून साधे आहे. दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावीचे प्रवेश संपेपर्यंतचे जे थोडे आठवडे असतात, त्यांत आपल्या वस्तीतील विहारात किंवा समाजमंदिरात एक टेबल टाकून दोन जाणत्या माणसांनी बसावे. कोणत्या मुलाने कोणते विषय भरले ते पाहावे. जीवशास्त्र सोडत असेल तर 'का सोडतोस' एवढे विचारावे. आपल्यातल्या प्राध्यापकांनी आठवड्यातले दोन तास भौतिक आणि रसायनशास्त्राला द्यावेत. नोकरीत असलेल्या पशुवैद्यकाने सुटीत चार मुलांना आपल्या दवाखान्यात उभे करावे. असा अनुभव आपल्याकडे प्रवेशात मोजला जात नाही, हे खरे. पण शेण, रक्त, वार आणि पू पाहून मन मागे फिरते की पुढे जाते, हे मुलाला स्वतःबद्दल कळते. ते प्रवेशाआधी कळलेले बरे. आणि हे सर्व करताना मातंग, चर्मकार, ढोर, भटक्या-विमुक्त आणि धनगर घरांतील मुलांनाही हाक मारावी. जनावराशी संबंध आलेल्या या साऱ्या जाती आहेत. जनावराच्या शास्त्राशी संबंध आलेली घरे मात्र त्यांत थोडी.

ते वाहक त्या दिवशी बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मुलीला विचारले, "मेलेलं जनावर फाडायला भ्या न्हाई वाटायचं?" ती म्हणाली, "वाटंल की. पण का मेलं ते कळंल ना." त्यांनी माझ्याकडून पेन घेतले आणि विषयांच्या रकान्यात 'जीवशास्त्र' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला.

आज ती बारावीत आहे. तिच्या पणजोबांचा शाळेचा दाखला सापडलेला नाही, पण गावच्या जुन्या महसुली कागदांत त्यांचे नाव सापडले. ते नाव महारकी वतनाच्या नोंदीत आहे. मेलेली ढोरे ओढण्याची जबाबदारी ज्या नोंदीने त्या माणसावर टाकली, त्याच नोंदीची नक्कल जोडून त्याच्या पणतीचा प्रस्ताव पडताळणी समितीकडे गेला आहे.